विश्लेषण : शेततळ्यातील मासा का वाढत नाही? खाद्याच्या वेळा आणि प्रमाणाचे गणित काय?

‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना महाराष्ट्रात २०१६ मध्ये सुरू झाली. साठवलेल्या पाण्यात मासे वाढवण्याचा जोडधंदाही अनेक शेतकऱ्यांनी धरला. मात्र मत्स्यशेतीत साधारण निम्मा किंवा त्याहून अधिक खर्च एकट्या खाद्यावर होतो. त्यामुळे बीज कोणते सोडले याइतकेच ते रोज कसे खाऊ घातले, यावर नफा-तोटा ठरतो.

शेततळ्यात खाद्याला अधिक महत्त्व का?

मातीच्या तळ्यात शेणखत टाकले की सूक्ष्म वनस्पती व प्राणी (प्लवंग) वाढतात, तळाच्या गाळात अळ्या-किडे होतात. रोहू, कटला, मृगळ यांचे बरेचसे पोट त्यावर भरते. प्लास्टिकचे अस्तर टाकलेल्या शेततळ्यात गाळातले हे अन्न जवळपास नसते. तिथे भाताचा कोंडा, शेंगदाणा पेंड किंवा तयार तरंगते खाद्य हाच माशांचा मुख्य आधार.

दिवसातून किती वेळा खाद्य द्यावे?

रोहू-कटल्याला खरे जठरच नसते, तिलापियाचे जठर लहान असते. एकदम दिलेले भरपूर खाद्य त्यांच्या अंगी लागत नाही. शिवाय एकाच वेळी खाद्य पडले की दांडगे मासे ते फस्त करतात, दुबळे मागे राहतात आणि काढणीच्या वेळी लहान-मोठा माल निघतो. म्हणून बोटुकलीला दिवसातून तीन-चार वेळा आणि मोठ्या माशांना दोन वेळा खाद्य देणे सोयीचे. पण वेळा वाढवत नेल्या म्हणून वाढही होत राहते असे नाही. एका मर्यादेनंतर खाद्य पूर्ण न पचताच बाहेर पडते. पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो, त्यामुळे पहिले खाद्य ऊन चढल्यावरच द्यावे. थंडीत माशांची भूक मंदावते, तेव्हा मात्राही घटवावी.

प्रथिने जास्त, तर वाढ जास्त?

लहान माशांना ३५ ते ४० टक्के प्रथिने लागतात. मोठ्या कार्प माशांना २५ ते ३० टक्के पुरतात. त्याहून जास्त प्रथिने शरीर ऊर्जेसाठी जाळते आणि उरलेला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात पाण्यात येतो. म्हणजे महागडे खाद्य पाणीच बिघडवते. श्रीलंकेतील संशोधक सेना डी सिल्वा यांनी १९८० च्या दशकात तिलापियावर जास्त आणि कमी प्रथिनांचे खाद्य आलटून-पालटून देण्याचे प्रयोग केले. वाढ फारशी न घटवता खर्च वाचवण्याचा तो मार्ग होता.

नुकसान नेमके किती?

एक किलो मासा वाढवायला किती किलो खाद्य लागले, हे खरे मोजमाप. एक टन माशांसाठी कोणाला १,५०० किलो खाद्य पुरले आणि कोणाला २,००० किलो लागले, तर किलोला ४० रुपये धरले तरी २० हजारांचा फरक पडतो. तळ्यात १,००० मासे असून सरासरी वजन २०० ग्रॅम असेल, तर एकूण वजन २०० किलो. त्याच्या तीन टक्क्यांनी रोजचे खाद्य सहा किलो. महिन्याने सरासरी ३०० ग्रॅमवर गेली आणि मात्रा तीच राहिली, तर मासा अर्धपोटी. उलट, मधल्या काळात मासे दगावले आणि त्याचा हिशेब ठेवला नाही, तर जादा खाद्य तळाशी कुजणार.

उपाय काय?

दर पंधरा दिवसांनी जाळे टाकून काही मासे तोलणे आणि त्यानुसार मात्रा बदलणे, याला खर्च जवळपास नाही. लागतो तो वजनकाटा, वही आणि शिकवणारा माणूस. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेचा आराखडा २०,०५० कोटी रुपयांचा होता. अशा योजनांचे यश किती तळी झाली, एवढ्यावर मोजून चालणार नाही. अनुदानाबरोबर पहिल्या हंगामात प्रशिक्षित कर्मचाऱ्याच्या तळ्यावरील भेटी आणि खाद्याची नोंदवही सक्तीची हवी. नाहीतर तळे अनुदानाचे, पण खाद्याची उधारी मात्र शेतकऱ्याची, असेच होत राहील.