नोंदीचें मोल

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमचीं नातवंडें मुंबईस जाऊन भारतीय चित्रपटाचें राष्ट्रीय संग्रहालय पाहून आलीं. पेडर रोडवरील गुलशन महाल या जुन्या वास्तूंत व शेजारच्या नव्या इमारतींत तें २०१९ च्या जानेवारींत सुरू झालें. कंधारास परत येतांच धाकट्या नातीनें विचारलें, "आजोबा, आपला पहिला बोलपट 'आलम आरा' कोठेंच पाहायला मिळत नाहीं, असें कां?"

उत्तर खेदाचें होतें. १९३१ सालच्या त्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. त्या काळच्या कित्येक फिती त्यांतील चांदी काढून घेण्यासाठीं विकल्या गेल्या. चार पैसे हातीं आले आणि कायमचें धन गेलें!

पुढें १९६४ सालीं पुण्यांत चित्रपटांचें शासकीय संग्रहालय स्थापन झालें व पी. के. नायर यांनीं गांवोगांव शोध घेऊन फिती जमविल्या. परंतु फीत कपाटांत ठेविली म्हणजे कार्य संपलें असें नव्हे. डब्यावर नांव नाहीं, साल नाहीं, हक्क कोणाचा तें ठाऊक नाहीं, तर ती असून नसल्यासारखीच. नोंद नीट असेल तर कोणीं जुना प्रसंग मागतांच तो काढून देतां येतो, त्याचें मूल्य घेतां येतें, प्रेक्षकांपुढें मांडतां येतो. सांप्रतचे व्यापारी ज्यास 'डेटा' म्हणून मान देतात, तो आमच्या मतें आपल्या वाण्याच्या खतावणीचाच नातू होय.

आमच्या कंधारचेंच पाहा. किल्ल्याचे बुरूज कोणासही दिसतात. परंतु राष्ट्रकूटकालीं येथें कोणतीं देवळें होतीं, हें कळतें तें एका शिलालेखामुळें.

अर्थात् हा उपदेश करण्याचा आमचा अधिकार तो किती? शाळेचे हजेरीपट आम्हीं जन्मभर चोख ठेविले; घरच्या ट्रंकेंतील छायाचित्रांच्या पाठी मात्र कोऱ्याच राहिल्या. गतवर्षीं आमच्या ज्येष्ठ भगिनी निवर्तल्या. आतां मातोश्रींच्या शेजारीं उभी असलेली ती परकर-पोलक्यांतील मुलगी कोण, हें सांगणारें कोणीही उरलें नाहीं.

वाचकहो, घरांत वडील माणसें आहेत तोंच पेन्सिल हातीं घ्या. नांव, गांव, साल, एवढें पुरे.