शाखा आणि समृद्धी : कारण कोणते, परिणाम कोणता?

एखाद्या गावी बँकेची शाखा उघडते आणि काही वर्षांत तेथील दारिद्र्य घटलेले दिसते. याचे श्रेय शाखेला द्यावे काय? कदाचित गाव भरभराटीस येऊ लागले, म्हणूनच बँक तेथे गेली असेल. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, तसे हे असू शकते.

कारण आणि योगायोग यांची उकल करण्याचे शास्त्र म्हणजे अर्थमिती. १९७७ ते १९९० या काळात आपल्याकडे एक नियम होता : बँक असलेल्या ठिकाणी एका शाखेचा परवाना हवा असेल, तर बँक नसलेल्या चार ठिकाणी शाखा उघडाव्यात. परिणामी शाखांचा ओघ मागास राज्यांकडे वळला, तो समृद्धीमुळे नव्हे, नियमामुळे. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे यांनी २००५ मधील अभ्यासात नेमका हाच बदल हाताशी धरला आणि शाखाविस्ताराने ग्रामीण दारिद्र्य घटले, असा निष्कर्ष काढला. त्यावर आक्षेपही घेतले गेले. शास्त्र पुढे जाते ते असेच.

डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९७२ मध्ये स्थापिलेली सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्था ज्या बंगळूरात आहे, तेथील बँक कर्मचाऱ्यांनी तरी ही विद्या अवश्य आत्मसात करावी. तोट्यातील ग्रामीण शाखा बंद करण्याची शिफारस लिहिताना केवळ ताळेबंद पुरेसा नाही. ही शाखा नसती, तर गावाचे काय झाले असते? हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.