समुद्राच्या कोठीचें माप

कोठींत धान्य किती उरलें हें जाणती गृहिणी झांकण उघडून पाहते. परंतु ज्या कोठीचा तळ हजार मीटर पाण्याखालीं आहे, तिचा अदमास कसा घ्यावा? आमच्या पुष्कळ वाचकांच्या पाकगृहांत मत्स्याला प्रवेश नसेल. तथापि हा प्रश्न आहाराचा नसून हिशेबाचा आहे.

न्यूझीलंडच्या समुद्रांत ऑरेंज रफी नांवाचा तांबूस मासा सुमारें हजार मीटर खोलीवर राहतो. १९७९ च्या सुमारास तो मोठ्या प्रमाणावर पकडला जाऊं लागला. माशाच्या कानांतील बारीक खड्यावर, झाडाच्या खोडांत असतात तशीं, वलयें असतात. तीं मोजल्यावर कळलें कीं, हा मासा शंभराहून अधिक वर्षें जगतो आणि त्याला वयांत येण्यासच सुमारें तीस वर्षें लागतात. तोंवर त्याचे थवे विरळ होऊं लागले होते. चॅलेंजर पठारावरील पकड २००० मध्यें बंद करावी लागली. ती २०१० मध्यें पुन्हां सुरू झाली. आधीं खर्च आणि मागाहून मोजदाद, असा हा उलटा व्यवहार झाला.

मोजदादीची सरळ रीत त्याच देशाच्या पूर्वेस, चॅटम राइज या समुद्रांतर्गत उंचवट्यावर दिसते. माओरी समुद्रदेवतेचें नांव धारण करणारी ‘टांगारोआ’ ही संशोधननौका १९९२ पासून जानेवारीच्या सुमारास तेथें जाळें ओढते. २०१४ पर्यंत दरवर्षीं, पुढें वर्षाआड. मुख्य लक्ष्य होकी हा मासा. प्रथम २०० ते ८०० मीटर खोली पाहत. २०१० पासून कांहीं भागांत १,३०० मीटरपर्यंत जातात. प्रत्येक खोलीच्या पट्ट्यांतील जागा चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरते. मासे दाट तेथेंच जाळें टाकण्याचा मोह येथें वर्ज्य. प्रत्येक वेळीं जाळें सुमारें साडेपांच किलोमीटर ओढून मासे जातवार निवडतात, तोलतात, मोजतात.

कोणी विचारील, जाळ्याच्या वरून व बाजूनें कित्येक मासे निसटतात, त्यांचें काय? म्हणूनच हा आंकडा एकूण संख्या नव्हे. परंतु नौका तीच, जाळें तेंच, महिना तोच; त्यामुळें चूकही बहुधा सारखीच राहते आणि वाढ-घट उघड होते. पायली थोडी लहान असली तरी चालेल. ती दरवेळीं बदलतां कामा नये.

राहून गेलेल्या वर्षाची मोजणी पुढें कोणासही करतां येत नाहीं. शतायुषी प्राण्याचा हिशेब ठेवावयाचा, तर तो एका पिढीनें दुसरीच्या हातीं अखंड सोंपविला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.