हलालच्या पुढचा प्रश्न

असरच्या नमाजनंतर तलवाड्याच्या बाजारात इफ्तारीची खरेदी सुरू होते. खजूर, समोसे, भजी, कापलेले कलिंगड, बर्फ घातलेले सरबत. घेणाऱ्यांत रोजेदार असतात, तसे रोजा नसलेले शेजारीही असतात. भाव सगळेच विचारतात. तेल कितव्यांदा तापले, बर्फ कुठून आला, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

हा प्रश्न एकट्या रमजानचा नाही. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात कोष्टवाडीच्या धार्मिक कार्यक्रमात भगर-आमटी खाल्ल्यानंतर सुमारे दोन हजार लोकांना विषबाधा झाली. दोनच आठवड्यांनी बुलडाणा जिल्ह्यातील सोमठाण्याच्या सप्ताहात तेच घडले. रुग्णालयाबाहेर दोरीला सलाईनच्या बाटल्या टांगून उपचार करावे लागले. जुलै २०२५ मध्ये तर मुंबईच्या आमदार निवासातील उपाहारगृहात शिळ्या डाळीवरून मारहाण झाली. अन्न व औषध प्रशासनाचे पथक तिथे पोहोचले ते त्या चित्रफितीचा गाजावाजा झाल्यावर. तपासणी अशी घटनेनंतर होत असेल, तर तिचा उपयोग किती?

कुरआनमध्ये खाण्याविषयी ‘हलाल’ या शब्दासोबत ‘तय्यब’ हा शब्द येतो. तय्यब म्हणजे शुद्ध, चांगले. आपण पहिल्या शब्दाची खात्री करतो आणि दुसरा विसरतो. हदीसमध्ये एक प्रसंग आहे. पैगंबरसाहेबांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तर वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले निघाले. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओले वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपला नव्हे, असे बजावले. भगरीलाही ओलाव्यानेच बुरशी लागते, हे इथे आठवते.

इफ्तारीच्या पदार्थांचा धोका वेळेत आहे. पदार्थ दुपारी तयार होतो आणि मगरिबला खाल्ला जातो. शिजवलेले अन्न साधारण ५ ते ६० अंश तापमानात जितके जास्त राहील, तितके जंतू वाढतात. मराठवाड्याच्या उन्हात तर विचारायलाच नको. त्यात बनवणाराही बहुधा रोजेदार, म्हणजे चव घेऊन पाहणारे कोणी नाही. तशीही चव हा भरवशाचा पुरावा नव्हे. भातात वाढणाऱ्या एका जंतूचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही आणि वासावरून कळतही नाही.

नियम पुरेसे आहेत. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा आहे. हातगाडीवाल्यालाही नोंदणी सक्तीची आहे. वारंवार तापवल्याने तेलात तयार होणाऱ्या घातक घटकांना १ जुलै २०१८ पासून २५ टक्क्यांची मर्यादा आहे. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याची सक्ती राज्यात त्याच वर्षी आली. पण जिल्ह्याच्या गावाहून निरीक्षक रोज प्रत्येक गाड्यापर्यंत येणार नाही. शिवाय टँकरचे पाणी विकत घेणारा हॉटेलवाला पहिली काटकसर हात आणि भांडी धुण्यात करतो. त्याला दंड करण्याआधी बाजारात नळ हवा, ही ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे.

दुसरी अडचण नाजूक आहे. स्वच्छतेचा विषय निघाला की बोट लवकरच विक्रेत्याच्या नावाकडे जाते. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावर दुकानदारांना नावे लावायला सांगण्यात आले. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती थांबवली. नावावरून तेल जुने की ताजे हे कळत नाही. पण याची दुसरी बाजूही आपणच सांगितली पाहिजे. आपल्या माणसाच्या गाड्यावरची घाण आपण पोटापाण्याचा प्रश्न म्हणून झाकली, तर संशयाला खतपाणी आपणच घालतो. कोष्टवाडी आणि सोमठाण्यात अन्नाने कोणाची जात-धर्म पाहिला नाही. आपल्या मोहल्ल्यातही पाहणार नाही.

करण्यासारखे थोडेच आहे, पण आजपासून करता येईल. नोंदणीचा कागद दिसतो का पाहावे. काळे तेल आणि निळा बर्फ दिसला तर परत फिरावे. कापलेले उघडे फळ घेण्यापेक्षा अख्खे घेऊन घरी कापावे. वर्तमानपत्रात गुंडाळलेली भजी नाकारावी, अगदी या पानात गुंडाळलेली असली तरी. मशिदीच्या इफ्तारचा आणि मंदिराच्या महाप्रसादाचा स्वयंपाक वाढण्याच्या वेळेच्या जवळ आणावा, आणि आचाऱ्याला आधी साबण व पाणी द्यावे.

दिवसभर पाण्याचा घोटही न घेतलेल्या माणसाच्या पहिल्या घासाबद्दल एवढी काळजी फार नाही.