इतिहासकार की आरोपीचा वकील?

नागपूरच्या काँग्रेसनगराला हे नाव ज्या अधिवेशनामुळे मिळाले, ते डिसेंबर 1920 चे. चौदा हजारांवर प्रतिनिधी जमले होते. काँग्रेसचे ध्येय बदलणाऱ्या गांधीजींच्या ठरावाला विरोध करायला बॅ. महंमद अली जिना उभे राहिले आणि ‘मिस्टर गांधी’ म्हणाले. मंडपात गलका झाला, “महात्मा म्हणा!” जिना काँग्रेसबाहेर पडले ते कायमचे. चारच वर्षांपूर्वी, 1916 च्या लखनौ करारानंतर, हिंदू-मुस्लिम ऐक्याचे दूत म्हणून याच माणसाचा गौरव झाला होता.

त्याच 1920 साली, एप्रिल महिन्यात, नालासोपाऱ्याच्या एका कोकणी मुस्लिम घरात रफिक झकेरिया जन्मले. पुढे 2001 मध्ये त्यांनी जिनांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्याचे नाव ‘द मॅन हू डिव्हायडेड इंडिया’, म्हणजे ‘ज्या माणसाने हिंदुस्थान तोडला तो’. माझे भांडण या नावापासून सुरू होते.

डॉ. झकेरिया हे आपल्यातले लहान नाव नव्हे. लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट, बेचाळीसच्या आंदोलनाशी नाते, 1962 पासून औरंगाबादचे आमदार, महाराष्ट्रात अनेक वर्षे मंत्री, 1978 ते 1984 राज्यसभेत, इंदिरा गांधींच्या काळात काँग्रेसचे संसदेतील उपनेते. मंत्री म्हणून हिवाळी अधिवेशनासाठी ते आमच्या नागपुरातही येत. इतके सगळे सांभाळून त्यांनी रझिया सुलतान, इक्बाल, सरदार पटेल, जिना यांच्यावर ग्रंथ लिहिले. आपल्यापैकी काहीजण त्यांना ‘सरकारी मुसलमान’ म्हणून एका शब्दात निकालात काढतात. काहीजण जयंतीला हार घालून मोकळे होतात. पुस्तके मात्र दोघेही वाचत नाहीत.

मी ती वाचली. त्यांतले मला सर्वात मोलाचे वाटते ते लंडनच्या प्रबंधातून आलेले, 1970 साली प्रसिद्ध झालेले ‘राइझ ऑफ मुस्लिम्स इन इंडियन पॉलिटिक्स’. 1885 ते 1906 या काळात मुस्लिम राजकारण कसे घडत गेले, हे त्यात एक अभ्यासक शोधतो आहे. तो कुणाची बाजू मांडायला बसलेला नाही. राजकारणातली पंचवीस-तीस वर्षे गेल्यानंतरच्या झकेरियांच्या लेखणीला मात्र कोर्टाचा वास येऊ लागतो. समोर न्यायाधीश म्हणून बहुसंख्याक समाज, पिंजऱ्यात आपली कौम आणि वकील डॉ. झकेरिया. युक्तिवाद असा : गुन्हा जिनांनी केला, माझे अशील निर्दोष आहे, उलट सर्वात जास्त नुकसान त्याचेच झाले.

नुकसान झाले, हे शंभर टक्के खरे. उपखंडातला मुसलमान तीन देशांत विभागला गेला आणि मागे राहिलेल्याचा आवाज बसला. पण अशिलावर खटला चालवण्याचा अधिकारच कुणाला दिला, हा प्रश्न वकिलाने विचारायला हवा होता. 1946 च्या निवडणुकीत मताचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटींवर मिळत होता. मोमीनपुऱ्यात मागावर बसणाऱ्या गरीब विणकराचे नाव बहुधा मतदार यादीतच नव्हते. विणकरांच्या मोमीन कॉन्फरन्सने तर फाळणीला उघड विरोध केला होता. ज्याला मत नव्हते आणि ज्याच्या संघटनेने विरोध केला, त्याच्या नातवाने आज सफाई का द्यावी? एका माणसावर सारे ओझे टाकले की अशील सुटते, असे डॉक्टरसाहेबांना वाटले असावे. प्रत्यक्षात आरोपपत्र तसेच राहिले, फक्त त्यावर एका मुस्लिम विद्वानाची सही मिळाली.

आता दुसरे उदाहरण पाहा. 2009 मध्ये भाजपचे जसवंत सिंह यांनीही जिनांवर ग्रंथ लिहिला आणि फाळणीच्या दोषाचे वाटेकरी नेहरू-पटेलही आहेत, असे मांडले. पक्षाने त्यांना काढले, गुजरात सरकारने पुस्तकावर बंदी घातली. ती बंदी उच्च न्यायालयाने उठवली आणि 2010 मध्ये जसवंत सिंह पक्षात परतलेही. हेच पुस्तक झकेरियांनी लिहिले असते तर? परतीचा रस्ता उरला असता का? राजकारणात उतरलेल्या मुस्लिम इतिहासकाराला सत्य सांगण्याआधी निष्ठा सिद्ध करावी लागते. झकेरियांच्या विद्वत्तेविषयी मला शंका नाही. त्या विद्वत्तेला कोणत्या अटीवर व्यासपीठ मिळाले, याची मला चीड आहे.

दुसरी तक्रार 2004 च्या ग्रंथाविषयी. त्याच्या नावातच प्रश्न आहे, भारतीय मुसलमानांचे चुकले कुठे? आत्मपरीक्षण हवेच. तालीम, स्त्रियांचे स्थान, भावनिक राजकारण यांबाबत आपल्याला खडे बोल सुनावणारा माणूस हवाच. पण हा प्रश्न विचारणारा गृहस्थ स्वतः सत्तेत बसलेला होता. 1970 मध्ये भिवंडी, जळगाव, महाड पेटले तेव्हा राज्य त्यांच्याच पक्षाचे होते. न्या. मादन आयोगाने त्याची चौकशी केली. जिनांवर आणखी पन्नास पुस्तके येतील. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळात बसलेला मुस्लिम इतिहासकार मात्र दुसरा झालेला नाही. त्या खोलीत काय बोलले गेले, काय टाळले गेले, फाइल कुठे अडली, याचा इतिहास लिहिण्याचा अधिकार त्यांच्याइतका कुणालाच नव्हता. त्यांच्या गाजलेल्या ग्रंथांत मला तो सापडत नाही. जुलै 2005 मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी सच्चर समितीचा अहवाल आला : प्रशासकीय सेवेत मुसलमान 3 टक्के, पोलीस सेवेत 4 टक्के आणि मदरशात जाणारी मुले शाळकरी वयातल्या मुलांच्या जेमतेम 3 टक्के. चुकले कुठे, हा प्रश्न सरकारी कचेऱ्यांच्या पत्त्यावरही धाडायला हवा होता, हे त्या आकड्यांनी दाखवले.

मग झकेरियांचे काय उरते? माझ्या मते सर्वात टिकाऊ काम त्यांनी दगड-विटांत केले. 1963 मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्यांनी मौलाना आझाद महाविद्यालय उभे केले. फाळणीविरुद्ध शेवटपर्यंत उभ्या राहिलेल्या मौलानांचे नाव त्याला दिले. मराठवाड्यातली गरीब घरांतली मुले-मुली तिथे शिकली. त्या वर्गखोल्यांत कुणाला निष्ठा सिद्ध करावी लागली नाही. ‘सरकारी मुसलमान’ म्हणणाऱ्यांनी आधी असे एक कॉलेज काढून दाखवावे आणि मग बोलावे.

झकेरियांनी आयुष्यभर इंग्रजीत लिहिले, कारण त्यांचा न्यायाधीश इंग्रजी वाचत होता. सोलापुरात प्राध्यापकी करणाऱ्या फकरुद्दीन बेन्नूरांनी मराठीत लिहिले, कारण त्यांना आपल्या माणसांशी आणि शेजाऱ्यांशी बोलायचे होते. खुर्ची नसल्याने त्यांची लेखणी मोकळी राहिली. आपल्या लिहिणाऱ्या मुलांनी हा धडा घ्यावा. राजकारणात जरूर जावे, पण लेखणी पक्षाच्या कार्यालयात गहाण ठेवू नये.

मागे माझा भाचा कॉलेजातून घुश्शात घरी आला. वर्गमित्राने थट्टेत विचारले होते, “तुमच्या जिनांनी देश का तोडला रे?” “मामू, मी काय सांगू?” तो म्हणाला. मी त्याला स्कूटरवर बसवून काँग्रेसनगरात नेले आणि 1920 ची हकिगत सांगितली. सांगून झाल्यावर म्हटले, “बेटा, त्याला इथे घेऊन ये. हा इतिहास त्याचाही आहे. तू उत्तर द्यायचे नाहीस, दोघांनी मिळून वाचायचे.”