तीन पिनांचे सोवळे

घरात हातभर अंतरावरच्या दोन यंत्रांनाही ‘बॅलन्स्ड’ तारच हवी, हे नवे सोवळे आता आमच्या कवठे महांकाळपर्यंत पोहोचले आहे. या तारेतील दोन वाहकांतून आवाज परस्परविरुद्ध जातो. वाटेत शिरलेली ५० हर्ट्झची गुणगुण दोहोंवर सारखीच चढते. पुढचे यंत्र फरक तेवढा घेते, म्हणून ती गळते. मिरजेच्या दर्ग्यातील संगीतसभेत, मंडपभर तार ओढताना, ही युक्ती लाखमोलाची. घरात साधी आरसीए तार पुरते. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या जुन्या तबकड्यांची खरखर तबकडीतूनच येते. ती कोणती तार पुसणार? पैसे उधळायचेच, तर शाळेच्या माइकच्या लांब तारेवर उधळा. तेथे गुणगुणीखाली पोरांचा आवाज बुडतो आहे!