दंडापुरती टोपी की डोक्यासाठी हेल्मेट?

उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या अपघात विभागातल्या रात्री लांबतात. अशाच एका रात्री मिरजगावच्या बाजूने पस्तीस-छत्तीस वर्षांच्या दुचाकीस्वाराला आणले. पुढे उसाची ट्रॉली होती, तिला मागे दिवा नव्हता. शुद्ध हरपत चालली होती, डाव्या डोळ्याची बाहुली मोठी झाली होती. म्हणजे कवटीच्या आत रक्तस्राव होऊन मेंदूवर दाब येत होता. सोबत आलेल्या पत्नीने पिशवीतून हेल्मेटचे दोन तुकडे काढले. म्हणाली, "साहेब, यांनी हेल्मेट घातलं होतं हो. मग असं कसं झालं?"

मी तुकडे हातात घेऊन पाहिले. वर चकचकीत प्लॅस्टिक, आत पातळ स्पंज आणि कापड. थर्माकोलचा थर नव्हताच. मागे आयएसआयसारखे दिसणारे स्टिकर होते. पण त्यावर मानकाचा क्रमांक नव्हता आणि खाली परवान्याचाही नव्हता. त्या क्षणी त्या ताईंना काय सांगणार? रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घातली आणि रुग्णवाहिकेने नगरला रवाना केले. मेंदूची शस्त्रक्रिया होऊ शकेल असे ठिकाण आमच्यापासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर आहे. तो वाचला. पण आज त्याचा उजवा हात नीट चालत नाही आणि ट्रॅक्टर त्याचा भाऊ चालवतो.

त्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री देता आले नाही. ते आज देतो.

आपला समज असा की हेल्मेट म्हणजे कडक कवच. जितके टणक तितके चांगले. हे अर्धेच खरे आहे. क्रिकेटचा वेगाने येणारा चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो. हात ताठ ठेवला तर तळवा सडकून निघतो. चेंडू तोच, वेग तोच. फरक फक्त थांबायला मिळालेल्या अंतराचा. डोक्याचेही तसेच आहे. दीड मीटर उंचीवरून डोके खाली आले तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी जवळजवळ २० किलोमीटर असतो. ते दोन मिलिमीटरमध्ये थांबले, तर मेंदूला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी ७५० पट होतो. तेच दोन सेंटिमीटरमध्ये थांबले, तर ७५ पट. कवटी शाबूत राहूनही मेंदू आतल्या आत हिंदकळतो आणि रक्तवाहिन्या फाटतात. म्हणून हे दोन सेंटिमीटर म्हणजे जीव.

ते अंतर देतो तो आतला थर्माकोल. पॉलिस्टायरीनच्या बारीक दाण्यांत पेंटेन नावाचा वायू भरलेला असतो. वाफ दिली की दाणे लाह्यांसारखे फुगतात. मग ते साच्यात भरून पुन्हा वाफ देतात आणि ते एकमेकांना चिकटून घट्ट थर तयार होतो. कारखान्याचे खरे कौशल्य या थराच्या घनतेत आहे. थर फार मऊ असेल तर पहिल्याच दणक्यात चेपून तळाला जातो, फार कडक असेल तर चेपतच नाही. दुचाकीच्या हेल्मेटला वरून एबीएस प्लॅस्टिकचे किंवा फायबरचे जाड कवच असते. ते मार पसरवते, टोकदार दगड आत घुसू देत नाही. सायकलच्या हेल्मेटला पॉलिकार्बोनेटचे पातळ आवरण पुरते. थर्माकोल चेपून स्वतः मरतो आणि डोक्याला वाचवतो. एकदा चेपलेला थर पूर्ववत होत नाही. त्यामुळे अपघातातून गेलेले हेल्मेट वरून कितीही चांगले दिसले तरी ते संपलेले असते.

आता अडचण अशी की हा थर ग्राहकाला पारखता येत नाही. भाजी दाबून घेता येते, हेल्मेट आपटून घेता येत नाही. म्हणून आपल्या वतीने कोणीतरी ते आपटावे लागते. प्रमाणपत्राचा अर्थ एवढाच. सायकल-हेल्मेटच्या युरोपीय मानकात, ईएन १०७८ मध्ये, आत धातूचे डोके बसवून हेल्मेट सुमारे दीड मीटरवरून सपाट लोखंडावर आणि त्याहून कमी उंचीवरून फुटपाथच्या कडेसारख्या कोपऱ्यावर पाडतात. आतल्या डोक्याला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटींच्या वर गेला की हेल्मेट नापास. आपल्याकडे दुचाकीच्या हेल्मेटसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस ४१५१ हे मानक आहे. त्यात आघात सोसण्याची, पट्टा टिकण्याची आणि बाजूचे नीट दिसण्याची परीक्षा होते.  या चाचण्यांनाही मर्यादा आहेत. त्या मुख्यतः सरळ आघाताच्या असतात, आणि रस्त्यावर माणूस बहुधा तिरका पडतो. युरोपच्या नव्या मोटारसायकल-हेल्मेट नियमांत आता तिरक्या आघाताचीही चाचणी आली आहे. तरीही मोटारसायकल-हेल्मेटवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो. माझ्या हातातल्या कोणत्याही औषधात ही ताकद नाही.

कायदा काय म्हणतो? १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट बनवणे, आयात करणे आणि विकणे, तिन्ही बेकायदा आहे. तरी २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांतील ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. या ५०,०२९ मध्ये १४,३३७ जण मागे बसलेले होते. ज्यांच्या डोक्यावर नुसती प्लॅस्टिकची टोपी होती, ते या आकड्यात कुठे मोजले गेले असतील, हा विचार मला सतावतो. कारण पंचनाम्यात 'हेल्मेट होते' एवढेच लिहिले जाते.

जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने बनावट हेल्मेटविरुद्ध मोहिमेची हाक दिली. त्या वेळी देशात १७६ उत्पादकांकडे वैध परवाना होता आणि रस्त्यावर २१ कोटींहून अधिक दुचाकी होत्या. दिल्लीत परवाना संपलेल्या किंवा रद्द झालेल्या नऊ उत्पादकांकडून अडीच हजारांहून अधिक हेल्मेट जप्त झाली. त्याआधी जूनमध्ये नव्या दुचाकीसोबत दोन प्रमाणित हेल्मेट देणे बंधनकारक करण्याचा मसुदाही निघाला. दिशा योग्य आहे. पण आपल्याकडची अंमलबजावणी उलट्या टोकाला उभी आहे. चौकात थांबवून डोके पाहिले जाते, हेल्मेट पाहिले जात नाही. डोक्यावर काहीतरी असले की पुढे जाता येते. मग बाजारही 'काहीतरी'च विकतो. हेल्मेटसक्तीची बातमी आली की दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला दोरीवर टोप्यांची माळ लटकते, ती याच मागणीपोटी. दंडाची भीती वाढवली आणि दोरीवरचा माल तपासला नाही, तर आपण लोकांना खोटा धीर विकत घ्यायला लावतो. तालुक्यात मोहीम निघेल तेव्हा पहिली तपासणी विक्रेत्याची व्हावी, दुसरी चालकाची.

सर्वांत दुबळी बाजू मुलांची. मोटार वाहन कायद्यानुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट हवे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठीचा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा, स्वतःच्या मापाचे हेल्मेट आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. या वयासाठी ईएन १०७८ सारख्या मानकाचे सायकल-हेल्मेटही नियमाने चालते, हे फार कमी आईबापांना ठाऊक आहे. मोठ्या माणसाने मात्र ते मोटारसायकलवर घालू नये. तेवढ्या वेगासाठी ते बनलेलेच नसते. आणि शाळेला सायकलवर जाणाऱ्या मुलांचे काय? मोटार वाहन कायद्याची हेल्मेटसक्ती सायकलला लागू नाही. पण पोराचे डोके डांबरावर आपटते तेव्हा ते कायदा विचारत नाही. राशीन किंवा मिरजगावच्या रस्त्याने ट्रॉल्यांच्या बाजूने सायकल मारणाऱ्या मुलांना हेल्मेट हवेच.

हेल्मेट घेताना पाच गोष्टी पाहा. आयएसआय चिन्हाच्या वर 'आयएस ४१५१' आणि खाली 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर टाकून दुकानातच तपासा. अस्तर बाजूला करून आत थर्माकोलचा जाड थर आहे का ते पाहा. डोके हलवले की हेल्मेट डोक्यासोबत हलले पाहिजे, डोक्यावर फिरता कामा नये. पट्टा हनुवटीखाली लावा. त्यात फार तर दोन बोटे जावीत. पट्टा न लावलेले हेल्मेट माणसाच्या आधी रस्त्यावर पडते. आणि ते पेट्रोल किंवा थिनरने पुसू नका. थर्माकोल त्यात विरघळतो.

त्या ताई परवा पतीच्या औषधांसाठी आल्या होत्या. सोबत दहावीतला मुलगा होता. त्याच्या हातात नवे हेल्मेट होते. तिने ते उलटे करून माझ्यासमोर धरले आणि विचारले, "साहेब, नंबर बरोबर आहे का बघा." आम्ही दोघांनी मिळून मोबाइलवर तो तपासला. बरोबर होता.